केसांतला रोलर

कीथने आईला बोटसुद्धा लावलं नव्हतं. एवढ्यावर सगळं मिटेल, अशी त्याच्या आईची, एनिडबाईंची समजूत. ग्रिम्सबीच्या कोर्टातल्या सरकारी वकीलबाईंनी ती सकाळीच खोडून काढली. हात लागला तर मारहाण; पण आता फटका बसणार असं समोरच्याला वाटायला लावलं, तरी इंग्लंडच्या कायद्याने तो हल्लाच. आणि कीथच्या डोक्यावर आधीच्या एका मारामारीची स्थगित शिक्षा टांगलेली. आज दोषी ठरला, तर थेट तुरुंग.

"त्याने कोळशाचं फावडं तुमच्यावर उगारलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"उगारलं. नाही कशाला म्हणू?"

"तेव्हा तुम्ही दोन्ही हातांनी डोकं झाकलंत. शेजारच्या मिसेस ग्रॅव्हलनी खिडकीतून पाहिलंय."

"तिला दुसरा उद्योग काय? जन्म गेला तिचा लोकांच्या घरात डोकावण्यात!" एनिडबाई उसळल्या. "केस कुरळे करायला रोलर लावले होते मी. संध्याकाळी क्लबात बिंगो होता. एक रोलर सुटत होता, तो धरला."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मिसेस ग्रॅव्हलची मान खाली गेली.

"म्हणजे मार बसेल असं वाटलंच नाही?"

"माझं पोरगं आहे ते, बाई. नुसतं भुंकतं. क्षणभरसुद्धा वाटलं नाही."

आईलाच वाटलं नाही म्हटल्यावर कोर्ट तरी काय करणार? कीथ सुटला.

घरी येताना मायलेकांनी मासे आणि चिप्स घेतले. स्वयंपाकघरात एनिडबाई कोटासकट खुर्चीत बसल्या. पोरगं घरी आलं, या आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते. पलीकडे मिसेस ग्रॅव्हलनी भरदिवसा पडदा ओढून घेतला होता.

"रोलर म्हणे! कमाल आहेस म्हातारे," कीथ हसत म्हणाला. "बस तू, चहा मी करतो."

फळीवरची किटली काढायला त्याने त्यांच्या डोक्यावरून हात वर नेला, आणि एनिडबाईंचे दोन्ही हात आपसूक डोक्यावर गेले.

कीथ थबकला. त्याने हात खाली घेतला. खिडकीबाहेर नजर टाकली. मग किटलीकडे न बघताच हात पुन्हा वर केला, अगदी सावकाश.

एनिडबाई पुन्हा दबल्या.

"काय गं आई," तो म्हणाला, "रोलर सुटला वाटतं?"