मावशीचा फ्लॅट

मला राग पटकन येतो. घरात सगळे म्हणतात, मी शिकवते त्या शाळेत पोरी म्हणतात, मीही ते कधी नाकारलं नाही. पण माझ्या रागाचा भुर्दंड दुसऱ्याला पडेल असं वाटलं नव्हतं.

नांदेडला माझ्या वडिलांच्या वेळची सरकारी शिपायांची गृहनिर्माण सोसायटी आहे, दोन इमारतींची. मी तिची सचिव. मागची इमारत नऊ वर्षं रिकामी होती. गच्ची गळायला लागली तशी माणसं एकेक करून गावाकडं गेली आणि कबुतरांनी ताबा घेतला. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एकच फ्लॅट. ठेकेदार म्हणाला, पाडून टाका. आम्ही म्हणालो, पाडायचं कशाला, करू की आपणच. समोरच्या इमारतीतले आम्ही आणि ज्या चार कुटुंबांना हे फ्लॅट मिळणार होते ती, असे दर रविवारी श्रमदानाला लागलो.

त्यात भुजंगकाका होते, निवृत्त शिपाई, जिभेला हाड नसलेला माणूस. पुनम होती, दोन लेकरांना घेऊन एकटी राहणारी नर्स. वीरेश आणि ज्योत्स्ना हे निलंग्याकडचं नवं जोडपं होतं. आणि चौथी माझी सख्खी मावशी, पार्वतीबाई. तिचे यजमान गेल्यापासून ती उमरीला दिराच्या घरी एका खोलीत राहायची. मांडीचं हाड मोडलं आणि वॉकर हाती आला. दोन पायऱ्या दिसल्या तरी ती जागीच थांबायची. "मला फकस्त माझ्या पायानं भाईर जाता आलं पाह्यजे," ती म्हणायची. "कुनाला 'ने रे बाबा' म्हनायचं न्हाई."

म्हणून तळमजल्याचं काम आम्ही आधी धरलं. कुणी ठराव केला नव्हता, पण सगळे त्याला 'मावशीचा फ्लॅट'च म्हणायला लागले. भुजंगकाकांनी भिंतींचे पोपडे खरवडले. वीरेशनं कमोड बसवला आणि बाजूला धरायला दांडा ठोकला. पुनमनं पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार करून घेतला. उंबरा मी फोडला, वॉकर अडकू नये म्हणून. हाताला फोड आले, पण मजा येत होती. मावशी एकदा रिक्षानं येऊन बघून गेली. ओल्या गिलाव्यावर हात ठेवून म्हणाली, "हितं बाबासाहेबांचा फोटो लावायचा. आत आलं की पह्यला दिसला पाह्यजे."

चार महिन्यांनी काम संपलं. वाटपाची बैठक अंगणात भरली. मावशी उमरीला होती. भुजंगकाका चहाचा कप हातात घेऊन हसत म्हणाले, "खालचं तर ठरल्यालंच हाय. सचिवाची मावशी हाय बाबा! आमी चढतो वर, आमाला काय!"

सगळे हसले. मी नाही हसले.

माझ्या वडिलांनी जन्मभर ऑफिसात ऐकलं होतं, तुमचं काय बुवा, तुम्हाला सगळं आयतं मिळतं. मी नोकरीला लागले तेव्हा मीही तेच ऐकलं. त्यामुळे सोसायटीत टँकर आला तरी मी माझी घागर शेवटी लावायचे. भुजंगकाकांच्या मनात तसलं काही होतं का, हे मी विचारलंच नाही. डोक्यात तिडीक गेली.

"ठरलेलं काही नाही," मी म्हणाले. "चारही फ्लॅट चिठ्ठीनं. ज्याला जो मजला लागेल तो त्याचा. आणि पाच वर्षं अदलाबदल नाही."

पुनम हळूच म्हणाली, "मॅडम, मावशीचं तरी वेगळं..."

"कुणाचंच वेगळं नाही."

माझ्याच अक्षरात ठराव लिहिला आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चिठ्ठ्या पुढच्या रविवारी काढायच्या ठरल्या. आठ दिवस होते माझ्याकडे. चार फोन केले असते तरी भागलं असतं. पण शब्द फिरवला तर भुजंगकाकांचं खरं ठरणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. रोज मनाला सांगत होते, चारात एक, लागेल की तिलाच.

रविवारी मावशी आली. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की चिठ्ठ्या काढणार आहोत. ती म्हणाली, "काढा की, वरच्या लोकायच्या." मी तिला दुरुस्त केलं नाही.

भुजंगकाकांनी तिला खुर्ची दिली. "वडीलधाऱ्या तुमीच हाव. तुमच्याच हातानं काढा." स्टीलच्या डब्यात चार नावं होती. तळमजल्यापासून वर जायचं ठरलं. मावशीनं चिठ्ठी काढून माझ्याकडं दिली, मी उघडली. वीरेश.

"तळमजला, वीरेश," मी वाचलं. मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग परत डब्यात हात घातला. पहिला मजला, भुजंगकाका. दुसरा मजला, पुनम. डब्यात राहिलेली चिठ्ठी उघडायची कुणाला गरजच पडली नाही.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मावशीनं डब्याचं झाकण लावलं आणि ते नीट बसलंय का ते दाबून बघितलं.

संध्याकाळी मी ज्योत्स्नाकडं गेले. लाज गुंडाळून ठेवली आणि हात जोडले. ती वाईट बाई नाही. तिनं चहा ठेवला, मग म्हणाली, "मॅडम, मी खाली ब्लाऊज शिवायचं दुकान टाकायलेय. बाया तीन मजले चढून येतील का? आन् नियम तर तुमचाच हाय." वीरेश खाली मान घालून बसला होता. माझं स्वतःचं घर समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. माझ्याकडं बदल्यात द्यायलाही काही नव्हतं.

जिन्यात भुजंगकाका भेटले. त्यांचे डोळे ओले होते. "मी चेष्टा केली ओ, मॅडम. त्यो फ्लॅट मावशीचाच, असंच धरून चाललो हुतो सगळे. मी पोपडे काय दुसऱ्यासाठी काढले का?" पहिल्या मजल्यावरचा आपला फ्लॅट मावशीला द्यायला ते तयार होते. पण एक जिना काय नि तीन काय, मावशीला दोन्ही सारखेच. त्या माणसावर चिडायलाही मला आता काही उरलं नव्हतं.

मग मावशीला वर नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. वळणावर खुर्ची भिंतीला घासली तेव्हा तिनं डोळे मिटले. वर पोचल्यावर म्हणाली, "लगनातबी असं कुनी उचललं न्हवतं मला." सगळे मोठ्यानं हसले आणि घाईघाईनं खाली उतरले.

त्याला आता सात महिने झाले. या सात महिन्यांत ती दोनदा खाली आली, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. रविवारी विहारात जायचं तिच्या मनात असतं, पण चौघं एका वेळी कुठं सापडतात? मी रोज शाळेतून आल्यावर भाजी घेऊन वर जाते. सोसायटीत माझं नाव मोठं झालंय. परवाच्या सभेत कुणीतरी म्हणालं, सचिव असावा तर असा, सख्ख्या मावशीलाही सोडलं नाही. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण सभा माझीच होती, बसून राहिले.

काल मेथी निवडता निवडता मावशी म्हणाली, "लुंबिनी, एक इचारू? त्या दिशी चिठ्ठ्या न काढता तू माझं नाव घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

"लोक म्हणाले असते, मावशी आहे म्हणून दिला."

तिनं जुडीतली पुढची काडी मोडली. रागावली असती तर बरं झालं असतं. राग मला कळतो.

"मग?" ती म्हणाली. "हायच की मी तुझी मावशी."