एका अंगणात दोन चुली

मित्रांनो, मला उचलायला दोन माणसं लागतात. एकट्याचं काम नाही. बिडाचा हंडा आहे मी, चांगला जुना. जेजू बेटावर, संत्र्यांच्या मळ्यात राहतो.

लोखंड वितळवलं, साच्यात ओतलं, मी बाहेर आलो. काळा, जाड, पोट सुटलेला. मळ्याच्या मालकीण मलसुनबाई, त्यांचं लग्न झालं त्याच वर्षी मला इथं चुलीवर बसवलं. भोवती माती लिंपली. मग काय, रोज आग!

काय काय शिजवलं मी! बार्लीचा भात. सोयाबीन. आणि थंडीत संत्री तोडायला बायका आल्या, की डुकराच्या हाडांचं घट्ट सूप. वास सुटला की त्या झाडाखालून ओरडायच्या, "मलसुन, झाकण ठेव गं! हात चालेनात आमचे!" तेव्हा मी नुसता फुगायचो.

मग गॅस आला. माझ्यावर संत्र्यांच्या साली वाळत घातल्या जायला लागल्या. झाकणावर मांजर झोपायचं. ऊब लागायची, खोटं कशाला बोलू. पण ते काही काम नव्हे. फक्त तोडणीच्या दिवसांत चूल पेटायची, तेवढाच मी जिवंत.

यंदा बाईंचा मुलगा संगहून म्हणाला, हे घर पाडू, नवीन बांधू. नकाशा काढायला बसली त्याची बायको, इनयोंग. ती समुद्रापलीकडची, मुख्य भूमीवरची. संत्र्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं काढायची. मस्त काढायची! चिखलाचे बूट काढायला मागच्या दारी जागा. तिथंच हात धुवायला नळ. खिडकीतून अख्खा मळा दिसेल असं.

मलसुनबाई खूश. "बुटांना जागा! डोकं आहे हो पोरीला." मग पुठ्ठा जवळ धरून बघितला. "आणि माझी चूल कुठाय?"

"ही काय, आई. मोठं स्वयंपाकघर. आपल्या दोघींचं."

"दोघींचं?"

"तुम्ही आता बसून खायचं. मी करीन ना सगळं."

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "असं कर, मी गोदामात राहते. खोक्यांशेजारी. तिथं चूल मांडता येईल."

इनयोंगचा चेहरा पडला. तिच्या गावाकडे सासूनं वेगळी चूल मागितली म्हणजे घर फुटलं. ती माझ्यासमोरच रडायला लागली. "माझं काय चुकलं, सांगा ना! माझ्या हातचं खायचं नाही का तुम्हाला?" संगहून? तो शहाणा, खोकी उचलायच्या निमित्तानं पसार झाला.

मलाही भीती वाटली. घर होणार, पण बाई त्यात नसणार. बाई नाहीत तर मी तरी कुठला!

तेवढ्यात शेजारच्या ओकजा काकी कात्री मागायला आल्या. सगळं ऐकलं आणि हसत सुटल्या.

"अगं वेडे, इथं सासूला आयतं जेवू घातलं, तर गाव विचारतं, म्हातारी अंथरुणाला खिळली की काय! हिच्या सासूनं हिला पहिल्याच दिवशी हा हंडा दिला. म्हणाली, जा, तुझं तू शिजव, माझं मी. आणि सासू असेपर्यंत दोघी एका अंगणात हसत राहिल्या."

"मग हे आधी सांगायचं ना!" इनयोंग डोळे पुसत म्हणाली.

"यात सांगायचं काय?" मलसुनबाई म्हणाल्या. "हात चालतायत तोवर माझं मी करणार. तुझ्यावर राग असता, तर तुझ्या अंगणात कशाला राहिले असते?"

"अंगणात नाही, गोदामात म्हणालात तुम्ही."

"बोलायला पटाईत आहे हो ही!"

दुसरा पुठ्ठा आला. एक मोठं घर, समोर एक लहान. दोन्हींत स्वयंपाकघर. इनयोंगनं आपली हौसेची बैठकीची खोली निम्मी केली. बाईंनी पुठ्ठा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"दारं समोरासमोर नकोत. मी किती वाजता उठते ते तुला कशाला दिसायला हवं?"

"मलाही नकोच दिसायला," सूनबाई पुटपुटली, आणि पुठ्ठ्यावरचं दार सरकवलं.

आता मी लहान घरात आहे. नवी चूल, नवी माती. मित्रांनो, आमच्यासारख्या भांड्यांना ओलं ठेवू नका, गंज खातो. पुसा, तेलाचा हात फिरवा, अधूनमधून आग दाखवा. आणि घराचा नकाशा काढाल, तेव्हा पेन्सिल उचलायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला इथं काय करायचंय? बसवून ठेवणं म्हणजेच माया असं नाही.

परवा इनयोंग रिकामं पातेलं घेऊन धावत आली. तिचं सूप करपलं होतं. ती सरळ आत घुसणार, तर आतून बाईंचा आवाज, "आधी दार वाजव! घर माझं आहे."

तिनं दार वाजवलं. बाईंनी "कोण?" विचारलं, मुद्दाम. मग ऐटीत उठल्या आणि माझं झाकण उघडलं.