उन्हाचा बर्फ

मित्रांनो, मला पाहून कोणी हरखून जावे असे माझे रूप आता राहिलेले नाही. मी बर्फाच्या कारखान्यातला एक जुना कॉम्प्रेसर आहे. तुमच्या घरी फ्रीजच्या मागे एक काळा गोळा गुरगुरत असतो ना, त्याचा मी बैलाएवढा थोरला भाऊ. माझा हिरवा रंग खाऱ्या वाऱ्याने कधीच खाऊन टाकला आहे. अंगावर तीन ठिगळे आहेत आणि माझे मोठे चाक तर दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचे आहे. तरीही लिम्बायान बेटाच्या किनाऱ्याला मासळीच्या होड्या लागल्या, की पहिली आठवण माझीच निघते.

माझा जन्म एका थंड देशात झाला. तिथे बर्फ आभाळातून फुकट पडतो, मग तिथे मला कोण विचारणार? जहाजाने मी इलोइलो शहरात आलो आणि तिथून होडीत बसून या बेटावर. मला उतरवताना फळी मोडली आणि मी धपकन गुडघाभर पाण्यात बसलो. गावकरी हळहळले. तेवढ्यात एक दांडगा तरुण पाण्यात उतरला, त्याने स्वतःचा सदरा काढून माझे अंग पुसले आणि म्हणाला, "घाबरू नकोस रे. आमच्याकडे पाहुण्याचे पाय आधी धुतात." तो तेओदुलो. आज सगळे त्याला मानाने नोंग दुलो, म्हणजे दुलोदादा, म्हणतात. तोच माझा मिस्त्री, तोच माझा वैद्य.

माझे काम तसे सोपे होते. मी वायू दाबायचा, त्या वायूने मोठ्या हौदातले खारे पाणी गारठवायचे, आणि त्या पाण्यात उभ्या केलेल्या डब्यांतून गोड्या पाण्याच्या लाद्या जमायच्या. मला फिरवायला शेजारी एक डिझेल इंजिन होते. त्याचा खोकला आणि त्याचा राग पाहून मुलांनी त्याचे नाव लोलो, म्हणजे आजोबा, ठेवले होते. लोलो मनाने चांगला होता, पण त्याच्या धुराने शेजारच्या चर्चची पांढरी भिंत काळी झाली होती आणि आमच्या अंगणात कोणी कपडे वाळत घालत नसे.

वर्षानुवर्षे आम्ही दोघे दिवसरात्र राबलो. नांग पेर्पेतुआ ही गावातली मासळीची मोठी व्यापारीण. सगळे तिला नांग पेर्पे, म्हणजे पेर्पेताई, म्हणत. ती रोज पाट्या घेऊन यायची, लाद्या फोडून मासळीवर पसरायची आणि होडी शहराकडे पाठवायची. तिची जीभ मिरचीसारखी, पण माझ्या बर्फाला ती कधी नावे ठेवत नसे.

मग एके वर्षी फेब्रुवारीत अमिहानचा, म्हणजे ईशान्येचा, वारा सुटला आणि नऊ दिवस थांबलाच नाही. शहराकडून डिझेलची होडी येईना. सातव्या दिवशी लोलोची टाकी कोरडी पडली. आणि नेमक्या आठव्या दिवशी, बेटाच्या आडोशाच्या बाजूला, तांबान मासळीचा असा थवा आला की पाणी चांदीसारखे उकळू लागले. लोक आरोळ्या ठोकत जाळी घेऊन धावले. दुपारपर्यंत किनाऱ्यावर पाट्यांचे डोंगर उभे राहिले. नांग पेर्पे धापा टाकत माझ्याकडे आली. हौदाचे झाकण उचलून पाहते, तर आत नुसते पाणी.

तिने माझ्या पत्र्यावर हात आपटला. "एवढं मोठं धूड, आणि पोटात नुसता वारा!" ती ओरडली. मग तिथेच पायरीवर बसली.

मिठात घालता येईल तेवढी मासळी त्यांनी मिठात घातली. उरलेली नारळीच्या झाडांखाली पुरली. मित्रांनो, मला रडता येत नाही, ही त्या दिवशी बरी गोष्ट होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ग्लेंदा आली. ही याच बेटावरची मुलगी, शहरात शिकून इंजिनियर झालेली. बास्केटबॉलच्या मैदानावर गाव जमले. माझी खोली लागूनच असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"छपरांवर सौर पट्ट्या बसवायच्या," ग्लेंदा म्हणाली. "डिझेल बंद. आपला बर्फ उन्हावर होईल."

असा हशा पिकला की कोंबड्या उडाल्या.

"अगं इंदाय, अगं पोरी," नांग पेर्पे डोळे पुसत म्हणाली, "उन्हानं बर्फ वितळतो! एवढं शिकलीस, हे कोणी सांगितलं नाही होय?"

ग्लेंदाही हसली. "नांग, महागड्या बॅटऱ्या नकोत म्हणून तर बर्फ. दिवसा ऊन असतं तेव्हा हौद गार करून ठेवायचा. बर्फ म्हणजे साठवलेलं ऊनच समज."

"बरं झालं सांगितलंस. उद्यापासून मासळी उन्हातच मांडते!"

पुन्हा हशा. मी मात्र हसलो नाही, कारण ग्लेंदाने पुढे कागदावरून वाचले, नवे यंत्र आणावे, जुने भंगारात द्यावे. जुने म्हणजे मी.

नोंग दुलो उठून उभा राहिला. त्याचे केस आता पिकले होते. "ज्यानं हे लिहिलं त्यानं याचा आवाज ऐकलाय का कधी?"

"नोंग, तो एका चालीनं चालायला शिकलाय," ग्लेंदा हळुवारपणे म्हणाली. "ऊन कमीजास्त होतं. त्याला झेपणार नाही."

"ढग आला की हळू चालेल. मीपण चढावर हळूच चालतो, म्हणून मला भंगारात घालतेस काय?"

शेवटी गावच्या कापितानने, म्हणजे सरपंचाने, निकाल दिला. पट्ट्या बसल्या, की मला एक आठवडा. त्या आठवड्याच्या शनिवारी भंगाराची होडी येणार होती. तोवर माझ्याकडून अखंड लादी निघाली तर मी राहणार, नाहीतर होडीत चढणार.

छपरांवर सौर पट्ट्या बसल्या, तेव्हा दुलोने लोलोचा पट्टा सोडला आणि मला एक लहानशी विजेची मोटर जोडली. माझे जुने चाक तिच्या मापाचे नव्हते, म्हणून त्याने भाताच्या मोडक्या गिरणीचे चाक आणून बसवले. सोमवारी सकाळी ऊन पट्ट्यांवर चढले आणि मी फिरू लागलो. कसे सांगू तुम्हाला! धूर नाही, हादरे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा आवाज नीट ऐकू आला.

पण मंगळवारी डबा उघडला तर लादी आतून पोकळ. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. दिवसभर मी हौद गारठवायचो आणि सकाळपर्यंत त्याचा निम्मा गारवा निघून जायचा. ग्लेंदा आकडे मांडून थकली. दुलोने माझा एकेक बोल्ट तपासला. दोष सापडेना.

गुरुवारी नांग पेर्पे गंमत बघायला आली. तिने हौदाच्या भिंतीला तळहात लावला, मग कान लावला, आणि वळून दोघांकडे असे पाहिले जसे आई उघड्या अंगाने खेळणाऱ्या मुलाकडे पाहते.

"तुम्ही दोघं शहाणे ना? हा हौद नागडा उभा आहे! माझी एक पेटी अशी ठेवली तर मासळी तासाभरात ओरडेल. लोलो रात्रभर चालायचा म्हणून कळलं नाही इतकी वर्षं. गारवा सगळा भिंतीतून पळतोय."

ग्लेंदाने कपाळावर हात मारला. "नांग, तूच इंजिनियर व्हायला हवी होतीस!"

"झाले असते. पण मग तुम्हाला शिव्या कोणी दिल्या असत्या?"

त्याच दुपारी तिने भाताच्या कोरड्या तुसाची चाळीस पोती मागवली. अर्धे गाव कामाला लागले. बायकांनी हौदाभोवती पोती रचली, बाहेरून बांबूच्या चटया बांधल्या, झाकणावर गोधड्या घातल्या. गुंडाळून बसवलेल्या बाळंतिणीसारखा दिसत होता आमचा हौद.

शनिवारी भंगाराची होडी आली. तिचा तांडेल दोर घेऊन दारात उभा होता. दुलोने डबा वर ओढला, कोमट पाण्यात बुडवला आणि आडवा केला. लादी सुळकन बाहेर आली, गुळगुळीत आणि आरपार भरीव. नांग पेर्पेने तिच्यावर मूठ हाणली, कळवळून मूठ झटकली, आणि तांडेलाला म्हणाली, "जा बाबा, रिकामा जा. पण आधी हालो-हालो खाऊन जा!"

मग काय विचारता! हालो-हालो म्हणजे किसलेल्या बर्फातला गोड खाऊ, तेव्हा लादी तिथेच किसली गेली. कोणी गोड शेंगदाणे आणले, कोणी केळी, कोणी दूध, कोणी जांभळ्या कंदाचा गोड लगदा. तांडेलाने तीन वाट्या खाल्ल्या. दुलो खात नव्हता. तो बर्फाचा एक तुकडा गालाला लावून नुसता हसत होता.

पुढच्या अमिहानला वारा अकरा दिवस होता आणि ऊनही लख्ख होते. तांबान आले, लाद्या तयार होत्या, आणि वारा पडताच मासळी ताजीच्या ताजी शहरात पोहोचली. आता आमच्या बेटावर नारळाच्या तेलाचा घाणा आणि होड्या बांधणाऱ्यांची करवतही उन्हावर चालते. ग्लेंदा शाळेतल्या मुलांना सांगते, की एक पिंप डिझेल जाळले तर त्याच्या तिप्पट वजनाचा कार्बन वायू आकाशात जातो. मुले लगेच लोलोकडे पाहतात. लोलोला वाईट वाटू नये म्हणून दुलो त्याला तेल घालून ठेवतो. वादळात सूर्य आठवडाभर दिसला नाही, तर तो एक-दोन तास खोकतो आणि पुन्हा झोपतो. चर्चची भिंत गेल्या वर्षी रंगवली. अजून पांढरी आहे.

रोज सकाळी नांग पेर्पे बांबूला ओले फडके बांधून छपरावरच्या पट्ट्या पुसते. कोणी म्हणाले, "राहू दे की एखादा दिवस," तर तिचे उत्तर ठरलेले असते. "सूर्य फुकट येतो म्हणून त्याची खिडकी घाण ठेवायची काय?"

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठे एखादी गिरणी, एखादी भट्टी, एखादे इंजिन काळा धूर ओकत असेल. त्याला भंगार म्हणण्याआधी जरा जवळ जा. त्याच्या भिंतीला हात लावा, कान लावा. त्याला काय खायला घातले जाते आणि त्याचे काय वाया जाते ते पाहा. आम्हा यंत्रांना धूर आवडतो असे थोडेच आहे? आम्हाला फक्त काम आवडते. ते कोणत्या शक्तीवर करायचे, हे ठरवणारे हात तुमचे आहेत.