पहिल्या ओळीचे हूक

मावशीला या सगळ्यातून तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. एक, राजकन्येची भूमिका. दोन, कपडे बदलायची खिडकीवाली खोली. आणि तीन, आपल्याच भाचीच्या पाठीवर हात ठेवून "तुझे दिवस यायचेत अजून" असं म्हणण्याचा हक्क. यातली तिसरी गोष्ट तिला सगळ्यांत प्रिय होती. मी हे छातीठोकपणे सांगू शकतो, कारण सात वर्षं मी तिच्या कमरेला करकचून आवळलेला होतो. माणूस मनातलं जगापासून लपवू शकतो. पोट आत ओढताना स्वतःच्या कपड्यापासून नाही.

मित्रांनो, मी एक जुना टूटू. टूटू म्हणजे बॅले नाचणाऱ्या मुलींचा तो जाळीचा झगा, जो कमरेपासून खाली पडत नाही, ताटासारखा आडवा पसरतो. आमच्या घराण्यात हे एकदम झालं नाही. माझी खापरपणजी जमीन झाडत चालायची. तिच्या आत नाचणारीला पाय आहेत की चाकं, हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळत नसे. मग पणजी घोट्यापर्यंत आली, आणि पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीत सरसावून बसली. आजी पोटरीपर्यंत आली. मी जन्मलो तेव्हा पायांनी सगळा रंगमंच जिंकून घेतला होता आणि आम्हां कपड्यांना वर ढकललं होतं. माझ्यात जाळीचे अकरा थर आहेत. सर्वांत खालचा बोटभर, त्यावरचा त्याहून रुंद, असं करत करत वरचा हातभर. आतून तारेचं एक कडं फिरवलेलं आहे, म्हणून मी वाकत नाही. माझ्यासारख्याला खुर्चीत बसवता येत नाही, दारातून सरळ नेता येत नाही आणि धुता तर मुळीच येत नाही. घामाचा वास गेला नाही तर माझ्यावर स्पिरिट फवारतात आणि उलटा टांगून ठेवतात. सन्मानाच्या या पद्धतीची सवय व्हायला मला वेळ लागला.

मला शिवलं शिवणकाकूंनी. नाट्यगृहाच्या तळघरात त्यांची खोली होती: एक मशीन, एक इस्त्री, आणि टाचण्यांनी भरलेली एक उशी, जिच्यावर दर नवा माणूस एकदा तरी बसायचा. काकूंनी माझ्या पाठीला हूक लावले आणि ते अडकवायला घरांच्या तीन ओळी केल्या. पहिली सगळ्यांत घट्ट, तिसरी सैल. म्हणजे एकच झगा तीन अंगांना चालावा. हेतू किती चांगला होता बघा.

पण नाचाच्या मास्तरांनी त्या ओळींचा कायदा केला. राजकन्येचा झगा एकच, तेव्हा जिला पहिली ओळ लागेल ती राजकन्या. दर मोसमाच्या आरंभी ते स्वतः मागे उभे राहून हूक तपासायचे. वयाचा मान म्हणून मावशीला आधी घालून बघत. तिला पहिली ओळ लागली की दुसऱ्या कुणाला घालून बघायचं कारणच उरत नसे.

आता मावशी दर वर्षी सुखानं रुंद होत चालली होती, आणि दर वर्षी पहिल्याच ओळीत बसत होती. हा चमत्कार तळघरात घडायचा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मावशी काकूंकडे जाऊन बसायची, गुडघ्याचं दुखणं सांगायची, मग जरा वेळानं डोळे पुसायची. काकूंना रडणारं माणूस बघवत नसे. त्या माझ्या दोन्ही कुशींच्या शिलाया उसवायच्या, आत दाबलेलं कापड अर्धं बोट सोडायच्या आणि पुन्हा शिवायच्या. हूक जागच्या जागी, ओळी जागच्या जागी, वाढायचो तो मी. मापाची टेप काकू जवळ ठेवायच्या, पण वापरत नसत. तिला खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सात वर्षांत माझी कंबर एकेका कुशीला साडेतीन बोटं सुटली, दोन्हीकडून मिळून सात. मास्तर हूक बघत राहिले आणि मान डोलवत राहिले.

याचा खरा त्रास झाला भाचीला. ती उत्तम नाचायची. डोळ्यांना दिसत होतं की मावशी तिच्या दीडपट आहे; पण हूक सांगत होते की मावशी बारीक. पोरीनं डोळ्यांवर नाही, हुकांवर विश्वास ठेवला. मावशी बारीक, म्हणजे आपण तिच्याहून जाड; तेव्हा ती ओळ लावायला आपल्याला अर्धंच व्हावं लागणार, असा तिनं हिशेब केला. तीन वर्षं तिनं सकाळची न्याहारी सोडली. तिच्या वाटणीचं उकडलेलं अंडं नाट्यगृहाच्या मांजरीला जायचं. मांजर गुबगुबीत झाली. तपासणीला मांजर उभी राहिली असती तर तीही नापास झाली असती.

आणि मग मावशीची अक्कलदाढ सुजली. दुपारचा खेळ, तिकिटं संपलेली, आणि राजकन्येचा एक गाल आंब्याएवढा. मास्तरांनी भाचीला बोलावलं. आजचा खेळ नीट झाला तर मोसमभर भूमिका तुझी, आणि झाला नाही तर पुन्हा मागच्या रांगेत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तिच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी आपल्या हातांनी पहिल्या ओळीत हूक लावले. काकू सुईदोरा घेऊन बाजूला उभ्या होत्या. एरवी सैल वाटलं तर त्या नाचणारीला झग्यातच शिवून टाकत. पण शिवायला घेतलं असतं तर मास्तरांनी विचारलं असतं, पहिल्या ओळीत सैल कसा? काकूंनी सुई पदराला टोचून ठेवली. भाचीला वाटलं, आपण खरंच बारीक झालो. ती हसली सुद्धा.

राजकन्येला एका पायावर सोळा गिरक्या घ्यायच्या असतात. पहिल्या चारमध्ये मी तिच्याबरोबर फिरलो. पाचवीला ती फिरली आणि मी विचार करत राहिलो. आठवीपर्यंत माझी पाठ तिच्या कुशीला आली. बाराव्या गिरकीला हूक पुढे आणि समोरची नक्षी मागे. राजपुत्रानं कंबर धरायला हात घातला, तर त्याच्या मुठीत जाळीचे चार थर आले. त्यानं ते सोडायचं सोडून जास्तच घट्ट धरले. टर्रकन आवाज झाला. पोरगी थांबली नाही. एका हातानं मला पोटाशी धरून तिनं उरलेल्या गिरक्या पूर्ण केल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितलं की ही नवी पद्धत आहे. टाळ्या पडल्या.

पडद्यामागे मात्र मास्तर लालबुंद. हूक कुणी सोडले, असं त्यांनी विचारलं. ते तर पहिल्याच ओळीत होते. भाचीनं काकूंकडे पाहिलं. काकू माझ्या कुशींच्या शिवणीकडे बघत होत्या. पोरीला त्या क्षणी सगळं कळलं असावं, कारण ती म्हणाली, "माझीच चूक. मी गिरक्यांत पोट आत ओढलं होतं."

मास्तरांनी तिला मागच्या रांगेत पाठवायला तोंड उघडलं. तेवढ्यात गालाला फडकं बांधलेली मावशी खुर्चीतून उठली.

"तिला काही बोलू नका," ती सुजल्या तोंडानं म्हणाली. "ओळ खोटी आहे. सात वर्षं खोटी आहे. माझ्यासाठी."

मास्तर काकूंवर वळले. कायदा मोडला, फसवणूक केली, आजपासून तळघर बंद, असं बरंच काही म्हणाले. काकूंनी ते ऐकून घेतलं. मग शांतपणे सुईत दोरा ओवला.

"मास्तर, तुमच्या विजारीचं कापड पण मीच सोडते. दर मेजवानीनंतर."

राजपुत्र हसला, आणि मग त्याला आपलं जाकीट आठवलं. पडद्यामागे बावीस माणसं उभी होती, आणि एकेकाचा हात हळूच आपापल्या कमरेकडे जात होता.

त्यानंतर ओळींच्या कायद्याचं नाव कुणी काढलं नाही. मावशीनं स्वतःच राणीची भूमिका मागून घेतली. राणीचा झगा ढगळ असतो, असं कारण तिनं दिलं. भाचीला नवा टूटू आला, त्याच्या पाठीला हूक नाहीत, नाडी आहे. जेवढं अंग तेवढी ओढायची. मला पहिल्या मापाला आणायचा काकूंनी नऊ दुपारी प्रयत्न केला, पण उसवून उसवून माझ्या कुशींची चाळण झाली होती. आता मी तळघरात उलटा टांगलेला असतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हां कपड्यांना जपा. फाटलं तर वेळेवर शिवा, उन्हात टाकू नका. आणि कपडा अंगाला बसत नसेल तर दोष कपड्याला द्या. आम्हांला उसवता येतं. आम्हांला भूक लागत नाही.

राहता राहिला हिशेब: किंमत कुणी भरली? मावशीनं एक भूमिका भरली, मास्तरांनी एक कायदा, काकूंनी नऊ दुपारी, मी दोन्ही कुशी. आणि भाचीनं तीन वर्षांच्या न्याहाऱ्या. त्या तिला परत कुणालाच देता आल्या नाहीत.