खऱ्या वाक्याची अट

त्या सकाळी आईचा शब्द होता 'रिलक्टंट'.

आई कोर्टात टायपिस्ट होती. नोकरीभर तिने अवघड इंग्रजी शब्द बिनचूक टाइप केले, पण त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. माझ्या बोटांनी ते पाहिलेत, माझी त्यांची ओळख नाही, असं ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती ओळख करून घ्यायला बसली. रोज सकाळी चहाबरोबर एक शब्द आणि त्याचं एक वाक्य. अट एवढीच, की वाक्य आमच्या दोघींच्या रोजच्या जगण्यातलं हवं आणि खरं हवं. खोटं वाक्य बाद. व्याकरण मी बघायचं, खरंखोटं दोघींनी मिळून.

कुकर 'व्होसिफरस', म्हणजे आरडाओरडा करणारा, ठरला होता. नळ दुरुस्त करणारा 'एल्युसिव्ह', म्हणजे कधी हाती न लागणारा. आईने हे त्याला तोंडावर ऐकवलं, तर तो लाजून "थँक्यू काकू" म्हणाला आणि पुन्हा आठवडाभर फिरकला नाही.

'रिलक्टंट' म्हणजे मनातून तयार नसलेला, हा अर्थ बघून आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि सावकाश म्हणाली, "माय डॉटर इज रिलक्टंट टु गो बिकॉज ऑफ मी."

दुसऱ्या शहरातल्या एका प्रकाशनसंस्थेने मला बोलावलं होतं. इथे मी इतरांची भाषांतरं तपासत होते, तिथे अख्खा विभाग हाती मिळणार होता. तरी माझं बरेच दिवस हो-नाही चाललं होतं. आईने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला होता: म्हातारीचं लोढणं गळ्यात, म्हणून पोरीचा पाय निघत नाही.

"व्याकरण बरोबर आहे," मी म्हणाले.

"आणि खरं आहे?"

ऑफिसला उशीर होत होता. संध्याकाळी बघू म्हणून मी कप विसळायला उठले.

"पळवाट," आई म्हणाली. "थेट बापावर गेलीस."

संध्याकाळी मी आले तेव्हा तिच्या डोळ्यांवर झोप होती. थोडंसं खाऊन ती आडवी झाली. सकाळी उठलीच नाही. झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी येऊन राहिली. तिने डबे घासले, येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा केला, आईचे कपडे कपाटातून काढले. एका दुपारी त्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तिच्यासाठी फार केलंस बाई. स्वतःचं सगळं बाजूला ठेवलंस. आता मोकळी झालीस, जा तिकडे."

ती मायेनेच बोलत होती. मी मान डोलावली. ऑफिसातही सगळ्यांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. तिकडून पुन्हा फोन आला, तेव्हा मी हो म्हणाले. जाण्यात आता कशाचीच अडचण उरली नव्हती.

मावशी परत गेल्यावर घर इतकं शांत झालं, की फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला व्हायचं. एकट्या माणसाचा चहा किती टाकतात हे मला कळत नव्हतं. पहिल्यांदा टाकला तो पातेल्याच्या बुडाशीच आटून गेला. मी डिक्शनरी उघडून 'सॉलिटरी', म्हणजे एकाकी, हा शब्द घेतला. वाक्य लगेच झालं, व्याकरणही बिनचूक होतं. पण समोर बाद म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते खरं की खोटं, काही केल्या ठरेना. मी डिक्शनरी मिटली.

टेबलावर मावशीने रचलेली कपड्यांची चळत होती. ती खाली ठेवून मी आईच्या खुर्चीसमोर बसले. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती निघून जाईपर्यंत मी थांबले. मग मोठ्याने म्हणाले,

"खोटं होतं तुझं ते वाक्य, आई. मी तुझ्यासाठी थांबले नव्हते. मलाच तुझ्याशिवाय करमलं नसतं गं."