चौऱ्याऐंशी अंशांवरचा पाव

मी पावाचा डबा बोलतोय. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्याविषयी या परिसरात बरंच खोटं पसरलं आहे. मला भविष्य कळत नाही. मी फक्त तापतो.

माझा जन्म आइसलंडच्या उत्तरेला, ग्लोदाफेल नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी झाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी या डोंगरात पहिली विहीर खणायला घेतली होती. पाण्याची नव्हे, वाफेची. वाफेच्या नळांवर चकचकीत पत्रा गुंडाळतात. हाल्वार त्या विहिरीवर कामाला होता. तिसऱ्याच महिन्यात विहिरीच्या तोंडावरचं लोखंड उडालं, दगड आणि चिखल पाव किलोमीटरवर जाऊन पडले आणि विहिरीच्या जागी खड्डा उरला. कुणी मेलं नाही. हाल्वार मात्र उजव्या कानाने ठार बहिरा होऊन घरी आला. त्याच्या बगलेत पत्र्याचा एक तुकडा होता.

"हे काय आणलंस?" त्याची बायको हेर्दिस हिने विचारलं.

"विहिरीचं एवढंच उरलं होतं," तो म्हणाला.

त्या तुकड्याला घड्या घालून, रिवेटा ठोकून त्याने मला घडवलं. मी गोल आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. पण माझं झाकण घट्ट बसतं आणि तळ गळत नाही. पावाच्या डब्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

माझं काम साधं. राय नावाच्या काळसर धान्याचं पीठ, ताक आणि काकवीसारखा पाक एकत्र कालवून हेर्दिस ते माझ्यात भरते आणि झाकण तारेने बांधते. घरामागच्या माळावर जमीन गरम आहे. तिथे हातभर खोल खड्डा आहे. त्यात मला ठेवायचं, वर फळी घालायची आणि चोवीस तासांनी काढायचं. आच नाही, धूर नाही. जमीन आपलं काम करते, मी माझं.

हाल्वारने हा पाव चाळीस वर्षं खाल्ला आणि चाळीस वर्षं त्याला नावं ठेवली. "आज जरा ओला झालाय," म्हणायचा आणि चौथा तुकडा उचलायचा. त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने हेर्दिस त्याला काहीबाही ऐकवायची. तो हसायचा, त्यामुळे तो कान खरोखर किती बहिरा होता याविषयी मला शंका आहे. मी सांगतोय त्या घटनांच्या दोन वर्षं आधी तो गेला. मागे राहिला त्याचा राखाडी लोकरी स्वेटर, कोपरांवर विरलेला आणि गंधकाचा वास कधीच न गेलेला.

त्यांची नात स्टेइनुन. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना तिने माझ्या शेजारी तापमापक खुपसला, सलग सात दिवस आकडा वाचला आणि खिळ्याने माझ्या तळावर कोरलं : ८४. तेव्हापासून मी सुशिक्षित आहे.

शिकून झाल्यावर, बारा वर्षांनी, ती ग्लोदाफेलवर परत आली; दुसऱ्या विहिरीची मुख्य शास्त्रज्ञ म्हणून. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडा होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"आज्जी, डोंगराच्या पोटात काय वितळलंय ते आम्ही वरून कान लावून ओळखतो. डॉक्टरने जाड कोटावरून नाडी पाहावी, तसं. आत पोचलो तर डोंगर कधी फुटणार हे आधी कळेल. शिवाय एका विहिरीची वाफ दहा विहिरींच्या तोडीची निघेल. सगळ्या खोऱ्यातली घरं गरम होतील."

"आणि ते वितळलेलं किती खोल आहे?"

"साडेतीन हजार मीटर. आम्ही दोन हजार चारशेला थांबणार. मध्ये अकराशे मीटरचा दगड."

"हे साडेतीन हजार कुणी ठरवलं?"

"अंदाज आहे. माझाच."

"तू सूपसुद्धा अंदाजाने प्यायचीस. रोज जीभ भाजायची."

स्टेइनुन हसली. हेर्दिस हसली नाही. "हे बघ पोरी," ती म्हणाली, "तुझे आजोबा या डोंगराने मला पाऊण परत दिले. नात मला पूर्ण हवी."

 स्टेइनुनने पावाचा तुकडा मोडला, त्याला लोणी लावलं आणि आजीच्या ताटलीत ठेवला.

काम सुरू झालं. खोदाईचा मनोरा माझ्या खड्ड्यापासून दिसत असे. नळाच्या टोकाला दात असलेलं पातं खाली फिरतं, आतून थंड पाणी सोडतात आणि त्या पाण्याबरोबर दगडाचा चुरा वर येतो. हा चुरा हेच खालचं पत्र. ते दर दहा मीटरला एकदा वाचायचं, असा नियम होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाव बिघडू लागला. करपला असं म्हणणार नाही, वाफेत पाव करपत नाही; पण तो आटला, काळा पडला आणि त्याच्या कडा चामड्यासारख्या झाल्या. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. पीठ तेच, ताक तेच, चोवीस तास तेच. चौथ्या दिवशी हेर्दिसने मला तसाच उचलला आणि चालत मनोऱ्यापाशी गेली. दहाची कॉफी चालली होती. तिने मला टेबलावर उपडा केला. पाव ठणकन पडला.

खोदाईचा मुकादम ब्रिन्यार याने तो सुरीने कापायचा प्रयत्न केला. सुरी बाजूला ठेवून त्याने पाव हातात तोलला. "हेर्दिस, हा पाव नाही. हे पातं आहे. खाली लावलं तर दोनशे मीटर सहज जाईल."

"दात काढू नकोस. जमीन तापलीय," हेर्दिस म्हणाली. "माझा खड्डा चाळीस वर्षांत कधी असा वागला नाही. तुम्ही डोंगराला टोचताय आणि तो अंगावर येतोय."

"आज्जी, पाव म्हणजे उपकरण नव्हे," स्टेइनुन म्हणाली.

"तळावर आकडा कुणी कोरला होता? मी?"

 मला उचलून स्टेइनुन आजीबरोबर खाली आली. खड्ड्यापाशी वाकून तिने वर झाकलेलं सगळं बाजूला केलं आणि तापमापक खुपसला. सत्त्याण्णव. तिने पिठाविषयी विचारलं, वेळेविषयी विचारलं, डबा तोच का विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली.

मनोऱ्यावर परतताना तिने मलाही बरोबर घेतलं. ब्रिन्यारला ती म्हणाली, "एका खड्ड्यातलं एक मोजमाप. याला पुरावा म्हणत नाहीत. पण आजपासून चुरा दर दोन मीटरला पाहायचा."

"दोन मीटरला? बाई, असे दगड निवडत बसलो तर इथेच म्हातारे होऊ."

"तू ऑलरेडी झालायस. दोन मीटर."

पाचव्या दिवशी दुपारी, एकवीसशे मीटरच्या थोडं पुढे, चाळणीत काळं काही चमकलं. ब्रिन्यारने ते चिमटीत धरलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. ती काच होती. वितळलेला दगड थंड पाण्यात सापडला की त्याची काच होते. म्हणजे पातं शिलारसाला टेकलं होतं, अंदाजापेक्षा चौदाशे मीटर आधी.

"वर घ्या," स्टेइनुन म्हणाली. तिचा आवाज शांत होता.  "पाणी बंद करायचं नाही. काहीही झालं तरी पाणी बंद नाही."

नळ कुरकुरला, अडला आणि पुन्हा सुटला. जमिनीखालून एक घुमणारा आवाज आला आणि मनोऱ्यावरच्या सहाही जणांनी एकदम विहिरीच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना पहिली विहीर आठवली असणार. मला तरी आठवली. मी तिचाच पत्रा. दोन तासांनी पातं शिलारसापासून पुरेसं वर आलं आणि नळातून पाणी नीट वाहू लागलं. दहा मीटरच्या जुन्या नियमाने आणखी आठ मीटर गेले असते तर टोक त्या रसात थिजून बसलं असतं, पाणी तुंबलं असतं आणि वरच्या तोंडाला काय झालं असतं ते हाल्वारच्या कानाला विचारावं लागलं असतं.

काच ठेवायला जवळ स्वच्छ भांडं नव्हतं. मी होतो. पृथ्वीच्या पोटातला जिवंत दगड, थंड झालेला का होईना, माझ्या पोटात आला. पावापेक्षा तो हलका होता.

मग माझी कीर्ती पसरली. पावाला आधीच कळलं होतं म्हणे! गावच्या हॉटेलने माझं चित्र लावलं. प्रवासी खड्ड्याजवळ उभे राहून फोटो काढू लागले. दरम्यान हेर्दिसने खड्ड्यावर नवी फळी बसवली, विकतच्या भांड्यात पाव लावला आणि तो पूर्वीसारखा उत्तम झाला.

तिने तो पाव बराच वेळ पाहिला. मग फोन उचलला. "स्टेइनुन, खाली ये. तुझं यंत्र घेऊन ये. आणि तो माझा डबा."

झालं होतं ते असं. ऑगस्टअखेर जुनी फळी तडकली होती. फटीतून वाफ निसटू नये म्हणून हेर्दिसने हाल्वारच्या स्वेटरची घडी करून तिच्यावर दाबून बसवली होती. फेकवत नव्हता आणि घरात पाहवत नव्हता, म्हणून तो तिथे. ओल्या लोकरीने खड्डा असा बंद केला की जुन्या फळीच्या बारीक भेगांतून नेहमी जाणारी वाफही आतच राहिली. डोंगराचा याच्याशी काही संबंध नव्हता.

चार दिवस प्रयोग झाला. दोन दिवस जुन्या फळीवर स्वेटर, दोन दिवस नवी फळी. सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. ब्रिन्यार चव घ्यायला मुद्दाम यायचा आणि चांगल्या दिवशी अर्धा पाव संपवायचा.

स्टेइनुन खड्ड्याच्या कडेला बसली. "हा स्वेटर मी माझ्या हाताने उचलून बाजूला ठेवला होता, आज्जी. सगळं विचारलं. याच्याबद्दल विचारलं नाही."

हेर्दिसने स्वेटर पिळला. "चाळीस वर्षं माझ्या पावाला नावं ठेवली त्याने. मेल्यावर बिघडवूनही दाखवला." आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाली, "खरं ते लिही. हॉटेलवाल्याला मी सांगते."

स्टेइनुनने अहवालात लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं : "तो इशारा नव्हता, गैरसमज होता. त्या गैरसमजामुळे दर दोन मीटरला चुरा पाहिला गेला. यापुढे गैरसमजाची वाट न पाहता तसंच करावं." शिलारसाच्या खोलीचा आपला अंदाज चौदाशे मीटरने चुकला, हेही तिने त्याच पानावर लिहिलं.

आता त्या विहिरीच्या वाफेवर खोऱ्यातली घरं गरम असतात. काच छोट्या बाटल्यांत गेली, मी माझ्या खड्ड्यात परतलो. माझ्या आतल्या बाजूला काचेचे बारीक ओरखडे आहेत. हेर्दिस म्हणते, त्यामुळे पाव चिकटत नाही. मला यात तथ्य वाटत नाही. डोंगरावर तिसऱ्या विहिरीचं काम चालू आहे. चुरा दर दोन मीटरला पाहतात. राखाडी स्वेटर स्टेइनुनच्या अंगात असतो.

माझी एवढीच विनंती आहे. मला उघडाल तेव्हा मी काय सांगतो ते जरूर ऐका, पण माझ्यावर काय झाकलं होतं ते आधी पाहा. आणि माझं खोटं ठरलं म्हणून चाळणीकडे पाहणं सोडू नका.

दुपारी चार वाजता स्टेइनुन डोंगरावरून खाली येते. हेर्दिस खड्ड्यापाशी उभी असते. नात जवळ आली की ती तिच्या उजव्या कानाच्या बाजूला जाते आणि अगदी हळू आवाजात हाक मारते. नात वळून पाहते. त्यानंतरच हेर्दिस खाली वाकते आणि मला उघडते.