खाली पाणी नव्हतं

आमच्या आईला अग्नी दिला त्या वर्षी कंबोडियातलं आमचं तोनले साप सरोवर भरलंच नाही. तिची शवपेटी नावेत ठेवून नाव चिखलातून ओढत विहारापर्यंत न्यावी लागली. माझा धाकटा भाऊ सारोम पुढे दोर ओढत होता आणि त्याची लेक कोलाप मागून रेटत होती.

कोलाप शहरात शिकत होती. पाण्यातलं रान आणि त्यातले पक्षी राखायचे, हेच तिला करायचं होतं. शिक्षण पुरं झालं की राखणदारांच्या तुकडीत घेऊ, असा शब्द तिला मिळाला होता. सुट्टीत आली की ती झाडावरच्या मचाणावर बसून करकोच्यांची घरटी मोजायची.

"मोजून काय करणार गं?" सारोम चिडवायचा. "लहानपणी आम्हीपण अंडी मोजायचो. टोपलीत किती मावतात ते."

"म्हणून तर आता मोजायला कमी पडतात, बाबा."

"बघ ताई, हिला शिकवायला मी मध काढतो, आणि ही मलाच डंख मारते."

मध काढायची आमच्याकडे एक रीत. झाडावर चढायचं, पेटत्या मशालीच्या धुराने माशा उठवायच्या, पोळं कापायचं आणि मशाल खाली सोडून द्यायची. आमच्या वडिलांनीही तेच केलं. त्या झाडांखाली भर उन्हाळ्यातही पाणी असायचं.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात सारोम त्या झाडांपर्यंत चालत गेला. नाव बांधायला पाणी नव्हतं. तरी वर चढल्यावर हाताने सवयीचंच काम केलं.

वाळलेला पाला पेटला, मग मुळं पेटली. गाव बादल्या घेऊन धावलं. ओला चिखल टाकत आम्ही एका जागी आग दाबायचो, तर ती जमिनीखालून दुसरीकडे निघायची. करकोच्यांच्या पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. मोठे पक्षी धुरावर घिरट्या घालत राहिले. कोलापचं मचाणही जळलं.

आग कुणी लावली, याची चौकशी सुरू झाली. गावात कुणी तोंड उघडेना. घरी कोलापने बापासमोर भाताची ताटली ठेवली आणि विचारलं, "बाबा, मशाल कुठे टाकलीत?"

सारोमने ताटली बाजूला सारली. "हात सुटला तेव्हा मी चर्र आवाजाची वाट बघत होतो," तो म्हणाला. "आलाच नाही. उतरेपर्यंत पाला धरला होता. पायांनी विझवत होतो मी."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन चौकशी करणाऱ्यांना सांगितलं. त्याला समज देऊन सोडलं. कोलापने मात्र शहरात न्यायची पिशवी रिकामी केली.

"माझ्याच घरातून आग गेली," ती मला म्हणाली. "आत्या, मी कुणाला काय सांगणार?"

सारोम दारातच होता. "हेच सांग. माझ्या बापाने लावली म्हणून सांग. ते ऐकून तरी दुसरा कुणी खाली बघेल."

"आणि तुम्ही?"

"मी झाडं लावतो. तू परत येशील तेव्हा राखायला काहीतरी नको का?"

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग पिशवी भरली, आणि निघताना त्याच्या पाया पडली.

त्याच्या छातीत धूर बसला होता. मध काढणं सुटलं. राखेत खड्डे करून तो रोपं लावायचा, दर थोड्या वेळाने खोकत बसायचा. "पाणी येण्याआधी मुळं धरली पाहिजेत," म्हणायचा. मी पाणी न्यायची आणि कुदळ हिसकावून घ्यायची.

कोलाप आता राखणदारांच्या तुकडीत आहे. मध काढणाऱ्यांना ती ओला चिखल भरलेला डबा कमरेला बांधून झाडावर पाठवते, आणि मशाल त्यात विझवायला लावते. कुणी हसलं की बापाचं नाव घेऊन सगळं सांगते. रोपं माणसाच्या उंचीची झाली आहेत. अजून त्यांवर घरटं नाही.

माझा भाऊ सारोम आगीच्या पुढच्या वर्षी, पितरांच्या पंधरवड्याच्या आदल्या दिवशी, सकाळी वारला. त्या आठवड्यात पाणी रोपांपर्यंत आलं होतं. कोलापची शेवटची परीक्षा चालू होती.